कीटकनाशकं आणि प्रजननक्षमता: पक्क्या पुराव्यासाठी किती थांबायचं?

रानवारा
वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या कीटकनाशकांमुळे प्रजननाला धोका आहे म्हटलं की लगेच विचारणा होते, "पुरावा पक्का आहे का?" पुराव्याची वाट बघणं किती महागात पडतं ते डीबीसीपीने दाखवलंय. पिकाच्या मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींवरचं हे औषध. त्याने उंदरांची वृषणं आक्रसतात हे १९६१ मध्येच छापून आलं होतं. वापर चालूच राहिला. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यातले कामगार आपसात बोलू लागले की कुणाच्याच घरी पाळणा हलत नाही, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत त्यानंतरही वापर लगेच थांबला नाही. निर्धोक असल्याचं आधी सिद्ध करायची जबाबदारी बनवणाऱ्यावरच हवी, असं माझं ठाम मत आहे.

मोजमाप
डीबीसीपीबद्दल दुमत नाही. पण ती मात्रा कारखान्यातली होती, तिच्यावरून थेट ताटातल्या भाजीवर येऊ नका. १९७३ ते २०११ या काळात पाश्चात्त्य पुरुषांच्या वीर्यातलं शुक्राणूंचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं, हा २०१७ च्या विश्लेषणातला आकडा सर्रास कीटकनाशकांच्या माथी मारला जातो. त्यात कीटकनाशकं मोजलेलीच नव्हती! लठ्ठपणा, तंबाखू, मोजणीच्या बदललेल्या पद्धती, यांचं काय? आणि डीडीटीसारख्या टिकाऊ कीटकनाशकाला नावं ठेवताना मलेरियाही आठवा. गरोदर बाईला मलेरिया झाला तर गर्भपात होऊ शकतो, मूल कमी वजनाचं जन्मू शकतं. अशी टिकाऊ रसायनं रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात रोग पसरवणाऱ्या डासांसाठी डीडीटीला सूट ठेवलीय ती उगाच नाही.

निशिगंध
मी वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आकड्याबद्दल मोजमाप यांचं बरोबर आहे, मात्रेबद्दल मात्र अजिबात पटलं नाही. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं डीडीई चरबीत साठतं आणि टेस्टोस्टेरॉन पेशीत जिथे बसतं ती जागा अडवतं. अशा रसायनांच्या बाबतीत किती गेलं याइतकंच कधी गेलं हेही महत्त्वाचं. मुलाची जननेंद्रियं गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास घडतात, आणि ती घडण पुन्हा होत नाही. मोठ्या पुरुषात शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून संपर्क तुटला की बरेच जण सुधारतात. शुक्राणू तयार करणाऱ्या मूळपेशीच मेल्या तर नाही. डीबीसीपीच्या काही कामगारांचं तेच झालं.

आमच्या फॉर्मवर दारू, तंबाखू, जुने आजार, सगळं विचारतात. कामाच्या रकान्यात लोक "शेती" लिहितात आणि विषय तिथेच संपतो. पाठीवरचा पंप गळतो का, औषध उघड्या हाताने कालवता का, भिजलेला शर्ट घरात कोण धुतं, हे कुणी विचारत नाही. धुणारी बाई गरोदर असेल तर?

मोजमाप
हे प्रश्न फॉर्मवर यायलाच हवेत, मान्य. फवारणाऱ्याला धोका आहे हे मी नाकारलंच नव्हतं. माझा विरोध खाणाऱ्याला घाबरवण्याला आहे.

रानवारा
खाणाऱ्यांचेही अभ्यास आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेत वंध्यत्वाच्या उपचारांसाठी आलेल्या जोडप्यांतल्या पुरुषांचा अभ्यास झाला. कीटकनाशकांचे जास्त अवशेष असणारी फळं-भाज्या जे भरपूर खात होते, त्यांची शुक्राणुसंख्या कमी निघाली.

मोजमाप
तो वाचलाय. आहाराची प्रश्नावली भरून घेतली, आणि कुठल्या भाजीत किती अवशेष हे सरकारी तक्त्यावरून ठरवलं. त्या पुरुषांच्या शरीरात काय होतं ते मोजलं नाही. शिवाय एकूण फळं-भाज्यांच्या प्रमाणाचा आणि शुक्राणूंचा संबंध आढळला नाही, हेही तिथेच लिहिलंय. धास्तीने कुणी भाज्याच कमी केल्या तर नुकसान नक्की.

निशिगंध
भाज्या कमी करा असं इथे कुणीच म्हणालेलं नाही. रक्तातलं डीडीई मोजून केलेला अभ्यासही आहे. १९५९ ते १९६६ या काळातल्या अमेरिकी गरोदर स्त्रियांचे साठवलेले रक्तनमुने तपासले, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डीडीई जितकं जास्त, तितकं वेळेआधी प्रसूतीचं प्रमाण जास्त. यात प्रश्नावलीची अडचण नाही. यावर तुमचं काय म्हणणं?

मोजमाप
हा भक्कम आहे. तरी डासांसाठीची सूट मी आज काढणार नाही. घरात फवारायला तितकंच टिकणारं दुसरं औषध हाती येईपर्यंत गरोदर बाईला मलेरियाच्या तोंडी द्यायला माझी तयारी नाही. शेतातली बंदी मात्र शंभर टक्के मान्य.