अकरा मुलांच्या शाळेला दहा हजार: मागायचं तर काय मागायचं?

वाडकार_सत्तरी

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरीत, वाळपईच्या वरच्या अंगाला आमचा वाडा. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, पट अकरा, बाई एकच. यंदा पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष करून टाकलंय. बागायतवाल्याला वेळच वेळ असतो असा त्यांचा समज. (काजूच्या दिवसांत येऊन बघा म्हणावं.)

समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. म्हणजे आम्हाला दर मुलामागे नऊशे रुपये पडतात आणि शंभर पटाच्या शाळेला अडीचशे. एका बैठकीत एका साहेबांनी नेमकं हेच ऐकवलं, "तुमच्यासारख्यांनाच तर जास्त मिळतं!" कागदावर ते खरंच आहे. पण माकडं कौलं फोडतात ती काय पट बघून? मृगाआधी कौलं परतायला गडी लावला की त्याचा रोज तेवढाच. पाण्याची मोटर जळली की दुरुस्तीवाला वाळपईहून येतो, त्याच्या खेपेचे पैसे अकरा मुलांना कमी लागत नाहीत. फिनेल, झाडू, खडू, हजेरीबुकं वेगळीच. दिवाळीपर्यंत पैसे संपतात, पुढे बाई स्वतःच्या पर्समधून भागवतात. त्यांना ते परत कसे द्यायचे हेही मला कळत नाही.

लहान शाळांना वाढीव अनुदान द्या असा अर्ज करायचा विचार आहे. तो कुणाकडे द्यायचा? ग्रामसभेचा ठराव जोडला तर उपयोग होतो का? घाई अशासाठी की दोन घरं जूनपासून मुलांना वाळपईला घालणार म्हणतात. २०२२ मध्ये एकशिक्षकी शाळा विलीन करायची चर्चा झाली, तेव्हापासून वाड्यावर सगळ्यांच्या मनात तीच धाकधूक आहे.

पेडण्याचा_मास्तर (निवृत्त)

वाडकारबाब, अर्ज जरूर करा, पण दहाचे पंधरा हजार मागायला नको. तुमच्या शाळेत कमी आहे ती दुसऱ्या शिक्षकाची.

शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची काढून वाचा. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं लिहिलंय. साठच्या खाली कुठेही रेघ मारलेली नाही. पट अकरा असो की एकोणसाठ, शिक्षक दोनच. "तीस मुलांमागे एक" हे गणित सगळ्यांना पाठ असतं, आणि त्या हिशेबाने तुमच्या शाळेला एकसुद्धा जास्तच ठरतो! म्हणून गाठ घाला ती अनुसूचीशी.

मी चार इयत्ता एकट्याने सांभाळल्यात. पहिलीला मुळाक्षरं गिरवायला बसवून चौथीचा भागाकार घ्यायचा, तेवढ्यात दुसरीतला कोणीतरी शाई सांडून ठेवणार. पण ते जमतं. चांगलं जमतं कधी कधी, तिसरीची पोरं चौथीचं ऐकून शिकून जातात. खरी पंचाईत मास्तर तालुक्याला मीटिंगला गेला की होते, किंवा मतदारयाद्यांचं काम गळ्यात पडलं की. त्या दिवशी शाळा नाहीच. पालक हे लक्षात ठेवतात. गळक्या कौलासाठी कोणी दाखला काढत नाही.

आता अर्जाचं. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तुमच्या समितीने करायचा असतो, आणि सरकारच्या अनुदानाला तोच आधार धरावा असंही त्याच कलमात म्हटलंय. बहुतेक ठिकाणी तो आराखडा मास्तरच रात्री बसून भरतो आणि पालक सह्या करतात. तुम्ही तो खरा भरा. पहिली ओळ दुसऱ्या शिक्षकाची, मग मोटर, मग कौलं. एक प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना, पोच घेऊन. ग्रामसभेचा ठराव जोडा, त्याने वजन येतं, पण नुसत्या ठरावाला कोणी विचारत नाही.

आणि ग्रंथालयाला ५,००० पर्यंत आणि खेळाला ५,००० प्राथमिक शाळेसाठी असतात, ते पटावर नाहीत. ते मिळालेत का, आधी बाईंना विचारा.

डिचोलीची_आई

मास्तर, कायदा ठीक आहे हो. पण माझा मुलगा दुसरीत एकटाच होता. त्याच्या इयत्तेत दुसरं कोणीच नाही! खो-खोची एक बाजू करायला नऊ लागतात, अख्ख्या शाळेत तेवढी मुलं नव्हती. मी त्याला काढला आणि अनुदानित शाळेत घातला, इंग्रजी माध्यमाच्या. बस दाराशी येते. २०११ पासून तिथल्या शिक्षकांचा पगारही सरकारच देतं, मग मी का नाही घालायचं? मराठी घरात आहे आमच्या. दुसरा शिक्षक आला असता तरी मी थांबले असते असं नाही वाटत.

वाडकार, त्या दोन घरांना नक्की काय नको आहे ते आधी विचारून घ्या.

साखळीकार_स्विंडन

इथे इंग्लंडमध्ये काय करतात ते सांगतो. शाळांना पैसे वाटायचं इथलं राष्ट्रीय सूत्र २०१८-१९ पासून आहे. मुलांमागे पैसे असतातच, पण त्याआधी प्रत्येक शाळेला एक ठोक रक्कम. पट कितीही असो. सुरुवातीला ती १,१०,००० पौंड धरली होती. शिवाय शाळा लहान असेल आणि मुलांना जवळची दुसरी शाळा लांब पडत असेल तर विरळ वस्तीसाठी आणखी रक्कम. प्राथमिकला अट दोन मैलांची. पण इथे शिक्षकांचा पगारही याच पैशांतून भागवायचा असतो, त्यामुळे लहान शाळा इथेही रडतातच. वाडकारबाब, तुमच्या साहेबांना मुलामागचा हिशेब दाखवायचाच असेल तर ठोक खर्च वेगळा आणि मुलांगणिक खर्च वेगळा, असे दोन रकाने करून न्या.

पेडण्याचा_मास्तर (निवृत्त)

दोन रकान्यांची कल्पना आवडली. डिचोलीच्या बाय, खो-खोवर माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही शेजारच्या वाड्यावरच्या शाळेबरोबर शनिवारी एकत्र खेळायचो, पण दोघांमध्ये व्हाळ (ओढा) असला की पावसाळ्यात तेही बंद. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात वाड्यावाड्यावर शाळा उघडल्या त्या या व्हाळांमुळेच. आज पूल झालेत, हेही खरं.

वाडकार_सत्तरी

सगळ्यांना देव बरें करूं. दोन्ही घरी जाऊन आलो. एका घराला बसच हवी आहे, त्याला माझा इलाज नाही. दुसऱ्या घरची आई म्हणाली, बाई नसल्या की पोर अकराला घरी येतं आणि ती तेव्हा कामावर असते, दुसरा शिक्षक आला तर काढणार नाही. खेळाचे पैसे आलेत, कॅरमबोर्ड कपाटात प्लास्टिकसकट आहे.

आमच्या शाळेपुढे व्हाळ आहे आणि पूल नाही, हे आराखड्यात कुठल्या रकान्यात घालायचं? मराठीत भरलेला नमुना कुणाकडे असेल तर इथे टाका, मे संपायच्या आत द्यायचाय.