खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा

उतारवयात खुब्यापाशी मोडलेले हाड जुळत नाही म्हणून खुब्याचा गोळा, म्हणजे मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक, बदलतात, असे अनेकदा म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे, कारण त्याच वयात गोळ्याखालच्या अरुंद भागाच्या, म्हणजे हाडाच्या मानेच्या खाली, ट्रोकँटर नावाच्या उंचवट्यापाशी मोडलेले हाड रॉड आणि स्क्रू घातल्यावर बहुधा व्यवस्थित जुळते. फरक पडतो तो रक्तपुरवठ्यामुळे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मुख्यतः खालून येते: मांडीतल्या धमनीच्या शाखा मानेच्या बुडाशी वळसा घालतात आणि त्यांच्या बारीक वाहिन्या हाडाला चिकटून, सांध्याच्या वेष्टनाच्या आतून वर चढतात. गोळा ज्या वाटीत बसतो तिच्यातून गोळ्याकडे येणाऱ्या अस्थिबंधातही एक छोटी धमनी असते, पण प्रौढपणी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यामुळे मान मोडून जागेवरून सरकली की या वाहिन्या तुटतात आणि गोळा मृत होण्याचा मोठा धोका राहतो.

आमच्या आत्याबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा त्यांचा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. एक्स-रेमध्ये मोड मानेतच दिसल्यावर डॉक्टरांनी गोळा बदलण्याचा सल्ला दिला. तरुण रुग्णांत मात्र स्वतःचा गोळा वाचावा म्हणून हाड शक्य तितक्या लवकर जागेवर बसवून स्क्रू घालतात, आणि वयाचा विचार खऱ्या अर्थाने होतो तो या निर्णयात.