फुगा फुटल्यावर बाजार सावरायला किती वर्षे लागतात? मदत हवी आहे

वानवडीकर
गेल्या तेजीत घेतलेले माझे समभाग निम्म्यावर आले आहेत. दलाल म्हणतो, बाजार वर येतोच, थांबा. सनदी लेखापाल असलेले मेहुणे म्हणतात, मिळेल त्या भावाला बाहेर पडा. पुढच्या आठवड्यात निर्णय घ्यायचा असल्याने ‘दीर्घ मुदतीचा विचार करा’ असे मोघम उत्तर कृपया देऊ नये. वर्षे सांगावीत.

एरंडवणे_४
कोणते समभाग, एकूण बचतीचा किती हिस्सा आणि पैसे कधी लागणार, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

कुमठेकर रस्ता
त्यांना वर्षे हवी आहेत, तर वर्षे घ्या. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ओलांडलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८,००० च्याही खाली जाऊन आला आणि २०१० च्या दिवाळीत पुन्हा २१,००० वर होता. पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार होता तेव्हापासून मी व्यवहार करतो आहे. हर्षद मेहताच्या वेळीही घाबरून विकणाऱ्यांचेच नुकसान झाले. धरून ठेवा.

गोखलेनगरची
काका, सेन्सेक्स सावरला म्हणजे वानवडीकरांचे समभाग सावरतील असे नाही, कारण मागे पडलेल्या कंपन्या निर्देशांकातून वगळल्या जातात आणि त्यांच्या जागी वाढत्या कंपन्या येतात. त्याच पडझडीनंतर छोट्या कंपन्यांच्या स्मॉलकॅप निर्देशांकाला जुनी पातळी गाठायला २०१७ उजाडले. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मधला ३८,९१५ चा उच्चांक फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडला. तिथे जमिनी तारण ठेवून घेतलेली कर्जे अंगावर आली, बँकांनी बुडीत कर्जे वर्षानुवर्षे झाकून ठेवली आणि कंपन्या नफा नव्या कारखान्यांत घालण्याऐवजी कर्ज फेडत बसल्या. मग मागणी वाढणार कुठून? आपल्याकडेही २००८ पूर्वीच्या तेजीतली कर्जे रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये तपासायला घेतली आणि २०१८ पर्यंत बँकांची थकीत कर्जे एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांवर गेली. अर्थव्यवस्था सावकाश सावरते ती अशी.

कुमठेकर रस्ता
म्हाताऱ्या होत चाललेल्या देशाचे उदाहरण आपल्याला लावू नये. शिवाय आपण लाभांश हिशेबात धरलेला नाही.

गोखलेनगरची
लाभांश जरूर धरावा, पण व्याज भागवताना दमलेली कंपनी तो देणार कशातून?

पौडफाटा
या कागदांपेक्षा मुळशीकडे दोन-चार गुंठे घेऊन ठेवा. जमीन कधी पडत नाही.

गोखलेनगरची
जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीचे भाव सुमारे दीड दशक उतरत होते.

करविचार
बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या समभागांवरील वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असून त्यापुढे साडेबारा टक्के कर लागतो, हे विकताना विसरू नये.

एरंडवणे_४
त्यांना नफा झालेलाच नाही. उलट वेळेत विवरणपत्र भरल्यास हा तोटा पुढील आठ वर्षांच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, ते सांगायला हवे होते.

वानवडीकर
तीन पायाभूत सुविधांच्या कंपन्या आहेत आणि एक मोठी खासगी बँक. मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी जूनमध्ये पैसे लागतील, पण त्याचा येथे काय संबंध? प्रश्न बाजाराचा आहे.

एरंडवणे_४
तोच तर संबंध आहे. बाजार दोन वर्षांत सावरो की नऊ, महाविद्यालयाचे शुल्क जूनमध्येच भरावे लागेल. तेवढी रक्कम आजच मोकळी करून मुदत ठेवीत ठेवावी आणि वाट पाहायची ती उरलेल्या समभागांसाठी.

कुमठेकर रस्ता
मग निदान बँक विकू नका.

गोखलेनगरची
एवढ्यापुरते मी काकांशी सहमत आहे. पायाभूत सुविधांच्या कंपन्यांपैकी जिचा व्याज व करापूर्वीचा नफा व्याजाच्या दुपटीपेक्षाही कमी आहे, ती आधी काढावी.

वानवडीकर
हे आकडे कुठे मिळतात?

एरंडवणे_४
वार्षिक अहवालातील नफा-तोटा पत्रकात ‘वित्तीय खर्च’ अशी ओळ असते. करापूर्वीच्या नफ्यात ती रक्कम मिळवावी आणि बेरजेला त्याच रकमेने भागावे. एका वर्षावर न थांबता निदान पाच वर्षांचे आकडे पाहावेत.