एक्सेप्शन फेकलं, टेस्ट हिरवी झाली. पण त्यानंतरचं कोण तपासतं?

सह्यवाट (धागालेखक)

आमची सी प्लस प्लसमधली एक छोटी लायब्ररी आहे. नोंदी फाइलच्या शेवटी जोडत जायच्या आणि कुठली नोंद कुठे आहे याची अनुक्रमणी मेमरीत ठेवायची, एवढंच तिचं काम. डिस्क भरली तर ती एक्सेप्शन फेकते, म्हणजे काम तिथेच सोडून वरच्या कोडला चूक कळवते. त्याची टेस्ट मीच लिहिली होती: खोटी फाइल, तिचं राइट मुद्दाम नापास करायचं, आणि एक्सेप्शन आलं की टेस्ट पास. दोन वर्षं ती हिरवीच होती.

मग एका ग्राहकाच्या सर्व्हरवर डिस्क खरोखर भरली. एक्सेप्शन आलं, वरच्या कोडनं ते पकडलं, जागा मोकळी केली आणि काम पुढे चालू ठेवलं. पण आमचा कोड अनुक्रमणीत आधी भर घालायचा आणि फाइलमध्ये नंतर लिहायचा. जी नोंद लिहिलीच गेली नाही तिचा पत्ता अनुक्रमणीत राहिला, आणि त्या पत्त्यावर पुढची नोंद जाऊन बसली. एक मागितलं की दुसरंच हातात यायचं. हे सापडायला दोन रात्री गेल्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. एक्सेप्शन फेकलं गेलं एवढंच तपासणारी टेस्ट खोटा धीर देते. तपासायचं ते फेकल्यानंतरचं. जुना डेटा शाबूत आहे का? उघडलेला डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला सिस्टिमनं दिलेला क्रमांक) बंद झाला का? कुलूप (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारं) सुटलं का? तीच वस्तू पुन्हा वापरता येते का?

पद्धतही नवी नाही. एक गणक ठेवायचा. पहिल्या फेरीत पहिली क्रिया नापास, दुसऱ्या फेरीत दुसरी, असं एकही अपयश न येता काम पूर्ण होईपर्यंत चालवायचं आणि दर फेरीनंतर वरचे प्रश्न विचारायचे. सी प्लस प्लसचे जाणकार डेव्ह अब्राहम्स यांनी एसटीएल या त्या भाषेच्या लायब्ररीतल्या कंटेनरांवर (डेटा साठवणाऱ्या रचनांवर) अशाच टेस्ट चालवल्या होत्या. एस्क्यूलाइट डेटाबेसवाले मेमरी वाटपाबाबत आजही हेच करतात. शिवाय एकदाच अपयश आणि तिथून पुढे सतत अपयश, असे दोन्ही प्रकार चालवतात.

प्रत्येक सिस्टिम लायब्ररीला हे सक्तीचं असावं, असं मला वाटतं. विरोधी मतं हवीच आहेत.

काळादगड

असहमत. तुमच्या बगबद्दल वाईट वाटलं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

मेमरीचंच घ्या. लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्यक्ष असलेल्या मेमरीपेक्षा जास्त मेमरी देऊन टाकतो. बॅड-अलॉक (मेमरी न मिळाल्याचं एक्सेप्शन) तुमच्यापर्यंत पोचायच्या आत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोसेसच मारून टाकतो. जे जवळजवळ कधीच घडत नाही त्यासाठी शेकडो फेऱ्या आणि त्या कोडची आयुष्यभर देखभाल कशासाठी? सावरण्याचा कोड जितका कमी तितके त्यातले बग कमी. सावरू नका, प्रोसेस थांबवा, नव्यानं सुरू करा आणि लॉगवरून (केलेल्या बदलांच्या नोंदवहीवरून) उभे राहा. गूगलच्या सी प्लस प्लस नियमावलीत एक्सेप्शनना बंदी आहे, एलएलव्हीएम हा कंपायलर-संच एक्सेप्शनशिवाय बिल्ड होतो. तरी मोठमोठी कामं होतातच की.

सह्यवाट

सर्व्हर तुमचा असेल तर थांबवा, हरकत नाही. लायब्ररीला तो हक्क नाही. ती कुणाच्या प्रोसेसमध्ये बसली आहे हे तिला ठाऊक नसतं. यूलिमिट (मेमरीची मर्यादा) लावलेल्या प्रोसेसमध्ये किंवा ओव्हरकमिट (असलेल्यापेक्षा जास्त मेमरी देणं) बंद ठेवलेल्या यंत्रावर बॅड-अलॉक अगदी नेमानं येतो.

पिंपळपान

‘सरळ थांबवा’ म्हणणाऱ्यांना एरियन ५ रॉकेटची आठवण करून द्यायला हवी. ४ जून १९९६, कुरूहून पहिलंच उड्डाण. एरियन ४ वरून उचललेल्या अ‍ॅडा भाषेतल्या कोडमध्ये ६४ बिटांची फ्लोटिंग संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही आणि एक्सेप्शन आलं. त्यावर काय करायचं ते ठरलेलंच होतं: प्रोसेसर बंद करा. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर होतं. तो ७२ मिलिसेकंद आधीच त्याच कारणानं बंद पडला होता. उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत रॉकेट संपलं. एक्सेप्शन हाताळणी तिथे लिहिल्याबरहुकूम चालली. पण ती चालल्यावर रॉकेटचं पुढे काय होतं, हे खऱ्या मार्गाच्या आकड्यांनिशी कुणी चालवून पाहिलं नव्हतं.

टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ चा अभ्यासही बघा. कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या डेटा साठवणाऱ्या-हाताळणाऱ्या प्रणालींमधली १९८ अपयशं त्यांनी तपासली. त्यातल्या सगळी प्रणाली आडवी करणाऱ्या अपयशांपैकी ९२ टक्क्यांमध्ये मूळ चूक किरकोळ होती आणि सॉफ्टवेअरनं ती स्पष्ट कळवलीही होती. हाताळणी चुकली. ५८ टक्के प्रकरणांत तर त्या हाताळणीच्या कोडची साधी टेस्ट पुरली असती. काही ठिकाणी कॅचचा (एक्सेप्शन पकडणाऱ्या भागाचा) कंस रिकामा, काही ठिकाणी आत फक्त ‘नंतर करू’ अशी टीप.

रातपाळी

माझा विरोध वेगळ्या जागी आहे. टेस्ट हवीच, पण खोटी फाइल नको. खोट्या वस्तूत आपण आपली समजूतच लिहितो आणि मग तीच समजूत तपासतो.

एफसिंक या, लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचवायला कर्नलला सांगणाऱ्या फंक्शनचं उदाहरण घ्या. डिस्कवर लिहिणं फसलं की एफसिंक चूक कळवतो. आपण म्हणतो, ठीक, पुन्हा बोलावू. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या ध्यानात आलं की लिनक्सवर पहिल्या अपयशानंतर ती पानं (डिस्कवर जायची वाट पाहणारे मेमरीतले तुकडे) ‘स्वच्छ’, म्हणजे लिहून झालेली, म्हणून नोंदली जाऊ शकतात. दुसरा एफसिंक यश कळवतो आणि डेटा गेलेला असतो. खोटी फाइल लिहिणाऱ्या कुणीही दुसऱ्यांदा असं यश ठेवलं नसतं, कारण कुणाच्या मनातच ते नव्हतं. तुमचा गणक हजार फेऱ्या फिरला असता तरी सगळं हिरवंच दिसलं असतं. पुढे पोस्टग्रेसनं नेहमीचा मार्ग म्हणून पुन्हा प्रयत्न करणंच सोडलं. एफसिंक फसला की पॅनिक, म्हणजे सर्व्हर थांबवायचा, आणि लॉगवरून पुन्हा उभं राहायचं.

म्हणून खऱ्या कर्नलशी भिडा. डेव्ह-फुल या कायम भरलेलंच असणाऱ्या लिनक्समधल्या डिव्हाइसवर लिहा, जागा नसल्याची खरी चूक मिळते. दोन एमबीची टीएमपीएफएस (मेमरीतली फाइलसिस्टिम) माउंट करा आणि भरा. कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शनची (मुद्दाम चुका घडवण्याची) सोय आहे, ती वापरा.

काळादगड

पोस्टग्रेसनंही शेवटी प्रोसेस थांबवण्याचाच मार्ग घेतला, एवढं नोंदवून ठेवतो.

पिंपळपान

घेतला, पण तो मार्गही तपासावा लागतोच. पॅनिकनंतर लॉगवरून सगळं परत उभं राहतं का, हे कोण बघणार?

नवाकोंब

हे सगळं सी प्लस प्लसचं दुखणं आहे. रस्ट भाषेत चूक म्हणजे रिझल्ट (यश की चूक ते सांगणारं परतीचं मूल्य), कंपायलर ती विसरू देत नाही. मग इतक्या टेस्ट कशाला?

सह्यवाट

माझा बग रस्टमध्ये जसाच्या तसा लिहून दाखवतो. आधी अनुक्रमणीत भर, मग राइटपुढे प्रश्नचिन्ह. राइट फसलं की फंक्शन तिथूनच परततं आणि अनुक्रमणी बिघडलेलीच राहते. कंपायलर चकार शब्द काढणार नाही. रस्टच्या पॅनिकनं स्टॅक उलगडताना (फंक्शनं एकामागून एक मध्येच सोडताना) कुलूप हातात असेल तर म्यूटेक्स, म्हणजे ते कुलूप, ‘विषारी’ ठरतो, ते उगाच नाही: आतला डेटा अर्धवट असू शकतो हे भाषेनंच मान्य केलं आहे.

रातपाळी, तुमचा मुद्दा मात्र मानला. माझ्या गणकाला फक्त आमचा कोड कळतो, कर्नल कळत नाही. दोन्ही ठेवतो: दर बिल्डला गणक, रात्रीच्या बिल्डला भरलेली टीएमपीएफएस.

काळादगड

सक्तीला माझा विरोध कायम. पण एक विचारतो: क्लोज फसलं आणि ईआयएनटीआर (सिग्नलनं काम मध्येच तोडल्याची चूक) आलं तर तुम्ही पुन्हा क्लोज करता का? लिनक्सवर तोवर डिस्क्रिप्टर सुटलेला असतो. तोच क्रमांक दुसऱ्या थ्रेडला (त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामाला) मिळाला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल.

सह्यवाट

आत्ताच कोड उघडून पाहिला. डिस्ट्रक्टरमध्ये (वस्तू नष्ट होताना चालणाऱ्या कोडमध्ये) यश येईपर्यंत क्लोज करणारा लूप आहे, मीच लिहिलेला. आज काढतो. काढण्याआधी दुसरा थ्रेड सतत फाइल उघडत असताना त्या लूपला ईआयएनटीआर देणारी टेस्ट लिहितो, म्हणजे आधी लाल झालेली दिसेल.