लाल डोळा टॉर्चने तपासताना आधी काय पाहावे?

प्रश्न (परिचर्या शाखेची विद्यार्थिनी):
लाल झालेला डोळा साध्या संसर्गाचा आहे की दृष्टीला धोका असलेल्या आजाराचा, हे बाहेरून पाहून कितपत ओळखता येते? पुस्तकात प्रत्येक आजाराची लक्षणे वेगवेगळी दिलेली असतात, पण रुग्ण समोर बसला की सगळेच डोळे सारखे लाल वाटतात. माझ्या हाती स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून दाखवणारे तपासणीचे यंत्र) नसतो, फक्त टॉर्च असतो. कोणत्या खुणांवर भर द्यावा?

उत्तर (नेत्रचिकित्सा सहायक):
लाली किती आहे यापेक्षा ती कुठे आहे, हे आधी पाहा. डोळे आलेले असतात तेव्हा लाली पापणीच्या आतल्या बाजूला आणि कडांकडे दाट असते व बुबुळाकडे येताना फिकी होते. सोबत चिपडे असतात आणि ती पुसल्यावर रुग्णाला स्पष्ट दिसते. याउलट बुबुळाला लागूनच जांभळट लाल कडे दिसत असेल, तर दोष पारपटलात (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात), आतल्या सुजेत किंवा अचानक वाढलेल्या दाबात असण्याची शक्यता मोठी असते.

त्यानंतर पारपटलाची चमक पाहा. निरोगी पारपटलावर टॉर्चचे प्रतिबिंब अखंड आणि तीक्ष्ण दिसते. ते तुटक दिसले किंवा तिथे पांढरट ठिपका असला, तर व्रणाची शंका घ्यावी. त्यातच बुबुळासमोर खालच्या बाजूला पुवाची आडवी पातळी दिसली, तर रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक आहे.

बाहुलीकडे विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून ते मुद्दाम सांगतो. आयरिसच्या (बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याच्या) सुजेत बाहुली लहान होते आणि आयरिस मागच्या भिंगाला चिकटल्यास वेडीवाकडी दिसते. काचबिंदूच्या तीव्र झटक्यात ती मध्यम आकाराला अडकते, प्रकाश टाकूनही आकुंचत नाही आणि पारपटल धुरकट होते. डोळ्यातील दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. अशा झटक्यात तो ४० च्याही वर जातो. या रुग्णांना डोकेदुखी आणि उलट्या इतक्या होतात की पुष्कळदा पोटाचे किंवा अर्धशिशीचे औषध दिले जाते आणि मोलाचे तास वाया जातात.

सर्वांत भयंकर दिसणारा डोळा मात्र बहुधा निरुपद्रवी असतो. पांढऱ्या भागावर रक्ताचा गडद डाग पडला असेल, पण वेदना नसतील, मार लागलेला नसेल आणि नजर ठीक असेल, तर तो डाग साधारण दोन आठवड्यांत आपोआप विरतो. तो पुन्हा पुन्हा येत असेल, तर रक्तदाब मोजावा आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, ते विचारावे.

उत्तर (निवृत्त परिचारिका):
वरील उत्तराला एक जोड देते. प्रत्येक डोळा झाकून दुसऱ्याची नजर स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय ‘साधा संसर्ग’ असे लिहू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा लाल डोळा व्रणाचा समजूनच पुढे पाठवावा. स्टेरॉइडचे थेंब तर तज्ज्ञाने तपासल्याशिवाय मुळीच घालू नयेत. नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूंमुळे पारपटलावर व्रण झालेला असल्यास त्या थेंबांनी लाली कमी झाल्यासारखी वाटते आणि व्रण मात्र आत पसरत जातो.

उत्तर (बालरोग विभागातील डॉक्टर):
लाली नसतानाही तातडीची असणारी दोन चिन्हे येथे नोंदवतो. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा फ्लॅशच्या छायाचित्रात एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग असू शकतो, जो बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत आढळतो. त्याची सुरुवात कधी केवळ तिरळेपणानेही होते, त्यामुळे ‘मोठेपणी सरळ होईल’ असे सांगून पालकांना परत पाठवू नये. दुसरे चिन्ह कोणत्याही वयातले आहे: पापणी अचानक खाली आली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर मेंदूतील फुगलेली रक्तवाहिनी चेतातंतूवर दाब देत असू शकते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. बाहेरून काहीच दिसत नसेल, तर डोळा निरोगी आहे असे समजावे का?

उत्तर (नेत्रचिकित्सा सहायक):
नाही. हळूहळू वाढणारा काचबिंदू आणि मधुमेहामुळे दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर) होणारे बदल टॉर्चला दिसत नाहीत, आणि रुग्णालाही बराच काळ जाणवत नाहीत. म्हणून मधुमेही व्यक्तीची नजर उत्तम असली, तरी बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी साधारणपणे दरवर्षी करून घ्यावी.