मदत हवी आहे: शुभेच्छापत्रावर रंग एकमेकांत मिसळायला कोणत्या रंगीत पेन्सिली घेऊ?

रेघोटी:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाणासोबत प्रत्येकीला हातानं केलेलं कार्ड देणार, असं मी दिवाळीतच सगळ्यांना सांगून बसलेय. चाळीस बायका. आता माघार नाही.

चित्र ठरलंय. सिद्धेश्वराचं देऊळ, खाली तलावाचं पाणी, वर संध्याकाळचं आभाळ. देऊळ जमतं, घोडं आभाळापाशी अडतं. खाली केशरी, वर निळं आणि मधे दोन्ही एकमेकांत विरायला हवेत, तर तिथं नेमका फरशी पुसून झाल्यावरच्या बादलीचा रंग येतो. शिवाय पेन्सिलीचे पट्टे दिसतात ते वेगळेच.

पेन्सिली मुलाच्या, शाळेची २४ रंगांची पेटी. कागद पांढरं आयव्हरी शीट, गुळगुळीत बाजू वर. कुणीतरी सांगितलं म्हणून परवा इअरबडनं खोबरेल तेल फिरवून पाहिलं. पहिली पाच मिनिटं झकास! पट्टे गायब, रंग इतका मखमली की नवऱ्याला हाक मारून दाखवलं. सकाळी बघते तर आभाळाभोवती तेलाचं कडं, आणि आत जिथं 'तिळगूळ घ्या' लिहिलं होतं तिथं शेंगा चटणीच्या पुडीला पडतो तसा डाग.

तर पेन्सिली पॉलिक्रोमॉसच्या घेऊ की प्रिझ्माकलरच्या? बजेट दीड हजार (घरात हजार सांगितलंय). आणि संक्रांत म्हणून काही कार्डं काळ्या कागदावर करायची आहेत, त्यावर माझे रंग दिसतच नाहीत. त्याचं काय करू?

जुना ड्रॉइंग मास्तर:
ताई, पेन्सिली राहू द्या, आधी कागद बदला. रंगीत पेन्सिलीचा रंग कागदाच्या बारीक खरखरीत अडकून बसतो. आयव्हरीच्या गुळगुळीत बाजूला अडकायला जागाच नाही. पहिला हात कसाबसा बसतो, दुसरा घसरतो. आणि रंग मिसळणं म्हणजे दुसरं काही नाही, एकावर एक पाच-सहा पातळ हात. चित्रकलेचा जाडसर कार्ट्रिज किंवा ब्रिस्टल कागद घ्या. बोट फिरवलं की किंचित अडखळलं पाहिजे. फार खरखरीत हातकागदही नको, त्याच्या खड्ड्यांत पांढरे ठिपके राहतात.

पट्टे येतात ते दाबामुळं. पेन्सिल मागून धरा, टोक कायम अणकुचीदार, आणि आडवं-उभं घासण्यापेक्षा लहान लहान गोल फिरवत जा. जोर लावून घोटायचं ते अगदी शेवटी. आधीच घोटलंत की कागदाचं पोट भरतं, मग तो पुढचा रंग घेत नाही. चाळीस पोरांच्या वर्गात हे सांगून घसा बसायचा. पोरांना दाबल्याशिवाय रंगवल्यासारखंच वाटत नाही.

बादलीच्या पाण्याचा दोष मात्र ना पेन्सिलीचा ना कागदाचा. केशरी आणि निळा हे रंगचक्रातले समोरासमोरचे रंग. कितीही महागाचे आणा, एकावर एक चढवले की राखाडी-तपकिरीच होणार. त्यांची गाठ घालूच नका. केशरीच्या वर फिकट पिवळा, मग गुलाबी, आणि निळ्याला त्या गुलाबीत उतरू द्या. तिथं जांभळट झाक येईल, आणि आपल्याकडं संध्याकाळी तीच असते.

सातरस्ता:
मास्तरांशी सहमत, पण शाळेच्या पेन्सिलीत रंगद्रव्य कमी असतं हेही खरं. गडद निळा त्यांच्यातून निघत नाही.

पॉलिक्रोमॉस तेलाच्या आधारावरच्या, १२० रंग, शिसं जरा कडक. टोक टिकतं, त्यामुळं शिखराच्या बारीक रेषांना उत्तम. प्रिझ्माकलर प्रीमियर मेणाच्या, १५० रंग, लोण्यासारख्या मऊ. आभाळ पटकन मिसळतं आणि काळ्या कागदावरही जास्त उठून दिसतं. पण टोक भराभर झिजतं, आणि थर जाड दिला तर काही दिवसांनी मेण वर येऊन पांढुरकी साय धरते. मऊ कापडानं हलकेच पुसली की जाते. वर फिक्सेटिव्हचा (रंग धरून ठेवणारं द्रावण) बारीक फवारा मारला तर पुन्हा सहसा येत नाही.

दीड हजारात मोठ्या पेटीचा नाद सोडा. तुमचं चित्र एकच आहे, सुट्या घ्या: दोन निळे, जांभळा, गुलाबी, पिवळा, केशरी, पांढरा आणि एक बिनरंगी ब्लेंडर पेन्सिल. ही ब्लेंडर शेवटच्या हाताला फिरवायची, ती तुमच्या खोबरेलाचं काम डाग न पाडता करते. मला नवी पेठेत सुट्या मिळाल्या नव्हत्या, पुण्याहून मागवल्या. तुम्ही आधी विचारून बघा.

काळ्या कागदावर आधी पांढऱ्याचा हात, त्यावर रंग. नाहीतर कागद रंग गिळतो.

आणि हो, देवळाची बाह्यरेषा घरच्या इंकजेटवर छापणार असाल तर पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिलींच्या वाटेला जाऊ नका. ओला ब्रश लागला की शाईही वाहू शकते.

पुठ्ठा:
कुणी हिशेब केला का? पाच-सहा हात म्हणजे एका आभाळाला पाऊण तास. चाळीस कार्डं, तीस तास. ताई, तीळ कधी भाजणार?

मी आभाळ पेन्सिलीनं करतच नाही. कोरड्या पेस्टलचा खडू ब्लेडनं खरवडायचा, भुकटी कापसावर घेऊन कागदावर फिरवायची. पाच मिनिटांत आभाळ. जादा भुकटी झटकून, फिक्सेटिव्ह मारून, वाळल्यावर देऊळ पेन्सिलीनं. खडू कोरडाच आणा, ऑइल पेस्टल नको. त्याची भुकटी होत नाही, नुसता चिकटा होतो.

रेघोटी:
काल रात्री कार्ट्रिजवर मुलाच्याच पेन्सिलींनी करून पाहिलं. सात हात दिले. पट्टे गेले! गुलाबी मधे घातल्यावर बादलीही गेली. निळा तेवढा धुतलेल्या टॉवेलसारखा फिकाच राहिला, म्हणून सुट्या सहा मागवतेय. तीस कार्डांचं आभाळ पेस्टलनं, काळी दहा पेन्सिलीनं. फिक्सेटिव्ह गच्चीवर जाऊन मारला, तरी सासूबाईंनी खाली वास कसला म्हणून विचारलंच.

मास्तर, एकच राहिलं. पाण्यात आभाळ दाखवताना रंग त्याच क्रमानं घ्यायचे ना?

जुना ड्रॉइंग मास्तर:
नाही, उलटे. देवळाच्या पायथ्याशी केशरी आणि आपल्याकडं येता येता निळं. वरच्या आभाळापेक्षा छटा एक घर गडद, आणि शेवटी खोडरबराच्या कडेनं दोन-तीन आडव्या रेघा उचला म्हणजे पाणी हललेलं दिसेल. खोबरेल डोक्याला ठेवा.