दरवाजे नाहीत, छप्पर नाही, तरी लोक या किट कारच्या एवढे प्रेमात का?

शंकासुर:
हल्ली कॅटरहॅम सेव्हन, वेस्टफील्ड असल्या दोन सीटच्या उघड्या ब्रिटिश गाड्यांचे व्हिडिओ बघत बसतो. एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, काहींना तर धड विंडस्क्रीन पण नाही, आणि किट, म्हणजे घरी जोडायचा सुट्या भागांचा संच, घेतलं तर बोल्ट पण आपणच आवळायचे. तेवढ्या पैशात चांगली आरामशीर स्पोर्ट्स कार येईल की! चालवताना नक्की असं काय मिळतं? "एकदा चालवून बघ मग कळेल" हे उत्तर नको, ते सगळेच देतात.

मागचंचाक:
वजन. बाकीचं सगळं त्यातूनच येतं. कॅटरहॅम 170 घ्या, 660 सीसीचं तीन सिलिंडरचं सुझुकीचं टर्बो इंजिन, ताकद जेमतेम 84 एचपी, पण गाडीच 440 किलोची. 75 किलोचा माणूस बसवून हिशोब केला तर तेवढाच दम 1400 किलोच्या गाडीत आणायला 240 च्या आसपास एचपी लागेल.

पण सरळ रस्त्यावरचं सोडा, खरी गंमत वळणावर आहे. जड गाडीत स्टीअरिंग फिरवलं की आधी बॉडी कलते, मग ती सावरते, मग कुठे गाडी वळते. इथे मनगट हललं की नाक वळलं. पुढची चाकं बाहेरच असल्याने टायर वरखाली होताना डोळ्यांना दिसतो, पकड सुटायला लागली की स्टीअरिंग हातात हलकं पडतं, आणि बसायची जागा जवळजवळ मागच्या एक्सलवरच असल्याने मागची बाजू सरकायला लागली की कमरेला आधी कळतं. त्यात बूड जमिनीपासून वीतभर वर, त्यामुळे साठच्या स्पीडला शंभरचा फील येतो. म्हणजे लायसन्स जाईल एवढं पळवायची गरजच पडत नाही, मला तरी सगळ्यात भारी हेच वाटतं.

जुनापाना:
वरच्याशी सहमत. किटचं कारण मात्र मजा नव्हतं, टॅक्स होता. लोटस या ब्रिटिश कार कंपनीच्या संस्थापकांनी, कॉलिन चॅपमननी 1957 मध्ये सेव्हन आणली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. अट अशी की सोबत जोडायच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग काय, गाडी खोलायच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या उलट्या वाचल्या 😄 1973 मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली, त्याच वर्षी लोटसनी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमला दिले. तरी लोक आजही किट घेतातच, कारण स्वतः जोडलेल्या गाडीत कुठून खडखड येतेय ते शोधायला मेकॅनिक लागत नाही.

कोरडाठाक:
कौतुक पुरे, जरा दुसरी बाजू पण ऐका. एअरबॅग नाहीत. ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही, तुमची नजर त्याच्या चाकाच्या नटांवर. हायवेला वाऱ्याचा एवढा आवाज की इअरप्लग घालावे लागतात, आणि उघडी चाकं, उभी काच यामुळे हवेचा विरोध प्रचंड, त्यामुळे एवढी हलकी असून जास्त स्पीडला दमते. गिअरबॉक्सची गरमी पायांना, सायलेन्सर बऱ्याचदा बाजूने गेलेला, उतरताना पोटरी भाजते. पाऊस आला तर छत लावेपर्यंत भिजून झालेलं असतं. घरात दुसरी गाडी असेल तरच हा नाद करा.

शंकासुर:
मग माझदाची एमएक्स-5 घेतली तर? तीही हलकी, दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी, आणि छत पण आहे.

मागचंचाक:
रोज वापरायची असेल तर डोळे झाकून तीच घ्या. बऱ्याच किट तर जुन्या एमएक्स-5 चं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल काढूनच बनतात. पण ती साधारण एक टनाची, म्हणजे 170 च्या दुपटीहून जड. आणि 170 मध्ये शेजारी 70 किलोचा माणूस बसला की गाडीच्या वजनाच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाएवढी भर पडते, ब्रेक कुठे दाबायचा ते लगेच बदलतं. एमएक्स-5 मध्ये एवढं जाणवणार नाही.

जुनापाना:
एक राहिलं. बुकिंगच्या आधी आत बसून बघा, आणि चालवताना जे बूट घालणार तेच घालून. पायाशी जागा इतकी अरुंद की रुंद सोलच्या बुटाने ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटर पण दाबला जातो. पातळ सोलचे अरुंद बूट लागतात. उंच असाल तर गुडघे स्टीअरिंगला लागतात का तेही बघा, लांब चासीवालं (म्हणजे लांब सांगाड्याचं) मॉडेल वेगळं मिळतं.

शंकासुर:
11 नंबरचा पाय आहे माझा 😐 लांब चासीत पेडलपाशी पण जागा जास्त असते की फक्त सीटला?